गाडीतला धैवत

नवीन ॲम्प्लिफायर बसवून घेऊन मीटरसाहेब दुकानातून बाहेर पडले, तेव्हा पहिल्या वळणावर त्यांना वाटलं, मागून ॲम्ब्युलन्स येते आहे. त्यांनी शिस्तीत गाडी बाजूला घेतली आणि वाट दिली. ॲम्ब्युलन्स काही येईना. गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली तर आवाज पुन्हा सुरू. बारीक, लांबलचक, कानातून शिरून थेट दाढेत जाऊन बसणारा 'ईऽऽऽ'. पाय दाबला की वर चढे, सोडला की खाली उतरे. अशा रीतीने आणखी दोनदा त्या अदृश्य ॲम्ब्युलन्सला वाट दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ती आपल्याच गाडीत, चारही स्पीकरमधून वाजते आहे.

शेजारच्या सीटवर सासरेबुवा डोळे मिटून बसले होते.

"धैवत," ते म्हणाले.

"काय?"

"वरचा धैवत. मघाशी पंचमावर होता. तुम्ही गिअर बदललात तेव्हा मध्यमापर्यंत उतरला, पण तिथे टिकला नाही." मग त्यांनी डोळे उघडून जावयाकडे अत्यंत आदराने पाहिलं. "जावईबापू, हे यंत्राबरोबर फुकट मिळालं का?"

सासरेबुवांचा हा आदर मीटरसाहेबांना लग्नापासून पुरून उरला होता. हा माणूस कधी आवाज चढवत नसे, कधी टोमणा मारल्यासारखं दिसत नसे. फक्त विचारत असे.

सासरेबुवा अग्निशामक दलाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आग नसेल तेव्हा बँड आणि बँड नसेल तेव्हा आग, अशी त्यांची सगळी नोकरी झाली. त्या बँडचं एक जुनं ध्वनिमुद्रण होतं, आणि त्या ध्वनिमुद्रणात, एका संथ धुनेच्या मधोमध, कोणीतरी एक मात्रा आधी घुसलं होतं. सासरेबुवांच्या मते तो कॉर्नेटवाला. कॉर्नेटवाल्याच्या मते ते सासरेबुवा. कॉर्नेटवाल्याला ते 'फुंक्या' म्हणत, आणि दोघांची मैत्री इतकी घट्ट होती की या एका मात्रेवरून ते तरुणपणापासून आजपर्यंत भांडत आले होते. घरच्या टेपवर ऐकावं तर सगळा बँड गोधडीखाली बसून वाजवतोय असं वाटे. कोण चुकलं ते कळायला मार्ग नव्हता.

आता जुन्या बँडवाल्यांचं संमेलन ठरलं होतं, लांबच्या गावी. मीटरसाहेब सासऱ्यांना गाडीने नेणार होते आणि वाटेत फुंक्यालाही घेणार होते. तेव्हाच सासरेबुवांनी बेत आखला.

"गाडी चालू असताना त्याला ऐकवायचं," ते म्हणाले होते. "पळून जाईल कुठे?"

टेपवरचं सगळं पेनड्राइव्हवर घेऊन झालं. गाडीत चांगले स्पीकर आणि ॲम्प्लिफायर लावायचं मीटरसाहेबांनी आपण होऊन कबूल केलं. वीजमंडळाच्या मीटर तपासणी विभागाचे ते प्रमुख. बिल्डिंगमध्ये त्यांना खऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. लोकांच्या घरातली वीज किती आणि कुठून गेली हे सांगण्यात ज्याची हयात गेली, त्याला गाडीतली चार वायरींची शिट्टी काय दाद देणार नाही?

"आठवड्याभरात काढतो," मीटरसाहेब म्हणाले.

"सावकाश," सासरेबुवा म्हणाले. "धैवत वाईट नाही. फक्त बँड त्या सुरात नाहीये."

मीटरसाहेब आधी दुकानात गेले. दुकानदार हसतमुख होता. त्याने इंजिन बंद ठेवून सिस्टीम लावली. आवाज लख्ख.

"ऐका साहेब. आहे का शिट्टी? नाही. म्हणजे आमची सिस्टीम क्लीन आहे. दोष गाडीचा."

म्हणून मीटरसाहेब गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तिथे काचेच्या टेबलामागे एक टायवाला तरुण बसला होता. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तक्रारीसाठी रकाने होते: इंजिनचा आवाज, ब्रेकचा आवाज, दाराचा आवाज.

"शिट्टी कशात घालू?" त्याने विचारलं.

"स्पीकरमधून येते."

"स्पीकरच्या रकान्यात 'आवाज येत नाही' एवढंच आहे, सर. तुमच्यात तर येतोय."

"नको तो येतोय!"

"येतोय ना पण." तरुणाने सहानुभूतीने मान हलवली. मग सिस्टीम बंद ठेवून त्याने इंजिन सुरू केलं. "ऐका. आहे का शिट्टी? नाही. म्हणजे गाडी ओके. दोष सिस्टीमचा."

दोघांचंही म्हणणं बिनतोड होतं. गाडी बंद ठेवून गाणी ऐकावीत किंवा गाणी बंद ठेवून गाडी चालवावी, असा दोन तज्ज्ञांचा मिळून सल्ला निघाला. शिवाय बाहेरची सिस्टीम लावल्यामुळे गाडीची वॉरंटी गेली, हे त्या तरुणाने अगदी दारापर्यंत सोडायला येऊन सांगितलं.

दुसऱ्या फेरीत दुकानदाराने 'नॉइज फिल्टर' नावाची एक काळी डबी बसवून दिली. घरी येऊन मीटरसाहेबांनी सासऱ्यांना खाली बोलावलं, गाडीत बसवलं आणि इंजिन सुरू केलं. सासरेबुवांनी बराच वेळ ऐकलं.

"फरक आहे," ते म्हणाले.

मीटरसाहेबांची छाती फुगली.

"आता कोमल धैवत झालाय."

डबीने असं होत नसतं हे मीटरसाहेबांना ठाऊक होतं. पण सासरेबुवा म्हणाले म्हटल्यावर त्यांनाही तो कोमलच ऐकू यायला लागला, आणि तो आधीच्यापेक्षा जास्त करुण वाटायला लागला.

एव्हाना बिल्डिंगला बातमी लागली होती. लागणारच. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई पार्किंगमधून जाता जाता थबकल्या आणि "माझं मशीन कोणी चालू ठेवलं?" म्हणत दवाखान्याकडे पळाल्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक खाली उतरले. ते इतिहास शिकवायचे, त्यामुळे त्यांना सगळ्या विषयातलं थोडं थोडं माहीत होतं.

"लहरी असतात," त्यांनी बोटाने हवेत लहरी काढून दाखवल्या. "त्या वायरीत शिरतात. त्यांना अडवायचं. स्वयंपाकघरातला चंदेरी कागद असतो ना, तो गुंडाळा."

मीटरसाहेब हसले. ते अडाणी सल्ल्याला हसणाऱ्या जाणत्या माणसाचं हसू होतं. मग प्राध्यापक गेल्यावर त्यांनी हळूच वर जाऊन कागदाची गुंडाळी आणली. आधी एकच वायर गुंडाळली. मग वाटलं, अर्धवट प्रयोगाला अर्थ नाही. संध्याकाळपर्यंत डॅशबोर्डाच्या आतून, सीटखालून, डिकीपर्यंत सगळं चंदेरी झालं. शिट्टी जागच्या जागी होती. फक्त आता रेडिओ लागेना, आणि खड्ड्यातून गाडी गेली की कोणीतरी मागे बसून चिवड्याचं पाकीट फोडतंय असा आवाज येऊ लागला.

"डबे भरायला कागद नाहीये," दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली. "गाडीला भूक लागली होती का?"

"विज्ञानाचं काम आहे."

"मग विज्ञानाच्या डब्यात आज पोळी उघडीच जाईल."

इथे दुसरा एखादा असता तर त्याने सासऱ्यांची माफी मागितली असती. मीटरसाहेबांनी मात्र दात-ओठ खाऊन ठरवलं की आता ऐकीव गोष्टी बंद. आता मोजायचं. विजेत जे असतं ते मोजता येतं. जे मोजता येतं ते सापडतं.

मोजायचं यंत्र ऑफिसात होतं. इतकं नाजूक, की दोन टोकांमधला विजेचा कणभर फरकही दाखवेल. पण ते बाहेर न्यायचं तर गेटपास लागे. गेटपासवर सही विभागप्रमुखाची, म्हणजे त्यांचीच, आणि अर्जदार स्वतःच्या अर्जावर सही करू शकत नाही, हा नियम गेल्या वर्षी त्यांनीच काढला होता. यंत्र बाहेर जाऊ शकत नसेल तर गाडी आत येऊ शकते, असा विचार करून सोमवारी त्यांनी गाडी थेट प्रयोगशाळेच्या आवारात आणली.

जेवणाच्या सुट्टीत ते यंत्र घेऊन खाली आले, तर गाडीच्या काचेवर पिवळं लेबल चिकटवलेलं. 'तपासणीसाठी आवक. हात लावू नये.'

"हे कोणी लावलं?"

"मी," आवक-जावकच्या बाई म्हणाल्या. "साहेब, आवारात जी वस्तू येईल तिची नोंद झालीच पाहिजे, असं तुमचंच परिपत्रक आहे."

"अहो, पण ही माझी गाडी आहे!"

"ग्राहकाचं नाव तेच घातलंय. 'मीटर संथ की जलद' इथे 'जलद' लिहिलं, कारण तुम्ही गेटमधून जरा जोरातच आलात. 'सील शाबूत आहे का' तेवढं रिकामं ठेवलंय."

"बरं, मग मी आत्ता घेऊन जातो."

बाईंनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "तपासणीचा अहवाल झाल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही, साहेब. परिपत्रकाचा दुसरा परिच्छेद. तुमच्या पुढे ते तिथले सगळे मीटर आहेत." त्यांनी भिंतीलगतच्या रॅककडे बोट केलं. रॅक छतापर्यंत भरला होता.

आपल्याच नियमात सापडलेल्या माणसाला दोन वाटा असतात. नियम मोडायचा किंवा बसने घरी जायचं. मीटरसाहेब बसने गेले. बस थांब्यावर प्राध्यापक भेटले आणि "कागदाने काम झालेलं दिसतंय, गाडी दिसत नाही ती!" म्हणाले.

पण त्यांचा हिय्या बघा. पुढचे काही दिवस ते जेवणाची सुट्टी न घेता रॅकवरचे मीटर एकामागून एक तपासत बसले. विभागात इतकं काम कित्येक वर्षांत झालं नव्हतं. लोक येऊन लांबून बघून जात. शेवटी शुक्रवारी दुपारी गाडीचा नंबर लागला. रीतसर, टेबलावरून पुकारा होऊन.

मीटरसाहेबांनी यंत्राचं एक टोक गाणी वाजवणाऱ्या डेकच्या अर्थिंगला लावलं, दुसरं ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला. दोन्ही गाडीच्या पत्र्यालाच जोडलेली. म्हणजे फरक शून्य यायला हवा. इंजिन सुरू केलं. काटा हलला. पाय दाबला, काटा चढला आणि त्याच्याबरोबर शिट्टीही चढली.

मीटरसाहेब प्रयोगशाळेच्या आवारात, सगळ्या स्टाफसमोर, चक्क ओरडले, "अर्थिंग!"

अहो, लोकांच्या घराघरात जाऊन त्यांनी जन्मभर हेच सांगितलं होतं, की आधी अर्थिंग बघा. आणि स्वतःच्या गाडीत चंदेरी कागद गुंडाळत बसले! बाईंनी अहवालात 'उपकरण सदोष' असा शिक्का मारला, नियमाप्रमाणे स्टिअरिंगला शिशाचं सील लावायला घेतलं, आणि फार विनवण्यांनंतर ते आरशाला लावलं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये शस्त्रक्रिया सुरू झाली. ॲम्प्लिफायर डिकीत होता, पण त्याच्या अर्थिंगचा बोल्ट पुढच्या डाव्या सीटखाली, म्हणून सीट काढली. ती बाहेर ठेवल्यावर सासरेबुवा तिच्यात जाऊन बसले, उघड्या दारासमोर, हातात चहाचा कप. बायको स्टिअरिंगवर बसली.

"दाब," मीटरसाहेब कार्पेटखालून म्हणाले.

'ईऽऽऽ.'

"सोड."

"हे दिवसभर चालणारे का? कुकर लावून आलेय मी."

"दाब!"

कार्पेट उचललं तेव्हा सगळं प्रकरण उघडं पडलं. दुकानदाराने अर्थिंगची वायर ज्या बोल्टखाली दाबली होती, त्या जागी पत्र्यावर जाड रंग होता. वीज बिचारी रंगावर डोकं आपटत होती. मीटरसाहेबांनी पॉलिश पेपरने रंग घासला, पत्रा आरशासारखा चकाकेपर्यंत घासला, आणि बोल्ट आवळला.

"दाब."

सासरेबुवांनी कप खाली ठेवला. मान एका बाजूला केली. "गेला... नाही. आहे. कणभर आहे. पण फार लांब, दुसऱ्या गल्लीत कोणी वाजवत असल्यासारखा."

मीटरसाहेबांना स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं. इथे थांबता आलं असतं. बायकोने तसं सुचवलंही. पण कणभर म्हणजे आहेच. मीटर कणभर जास्त पळाला तरी त्यांनी तो कधी पास केला नव्हता. त्यांनी पुन्हा कार्पेटखाली डोकं घातलं. गाण्याची वायर आणि बॅटरीची जाड वायर डिकीपर्यंत एकाच पट्टीने बांधून नेली होती, जुळ्या भावंडांसारखी. त्यांनी पट्ट्या कापल्या. गाण्याची वायर सगळी ओढून काढली आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. त्यासाठी मागची सीटही काढावी लागली.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. पार्किंगमध्ये सगळीकडे सीटा, कार्पेट आणि चुरगळलेला चंदेरी कागद पसरला होता.

"पार्किंगच्या जागेत गॅरेज चालवायला मनाई आहे," ते म्हणाले.

"शू!" सासरेबुवांनी बोट ओठांवर ठेवलं. सेक्रेटरी गप्प झाले. त्यांना 'शू' करणारा माणूस बिल्डिंगमध्ये अजून झाला नव्हता.

"दाब," मीटरसाहेब म्हणाले.

बायकोने पाय दाबला. इंजिन घुमलं. सासरेबुवा ऐकत राहिले. सेक्रेटरीही ऐकत राहिले, कशासाठी ते न कळताच.

"श्वास रोखल्यासारखं शांत आहे," सासरेबुवा शेवटी म्हणाले. "जावईबापू, काही नाही. काही म्हणजे काही नाही."

काळे हात, कपाळावर ग्रीस, एका गुडघ्यावर फाटलेली पँट. मीटरसाहेब उभे राहिले तेव्हा त्यांना वाटलं, आता कोणीतरी टाळ्या वाजवाव्यात. बायकोने गाडीतून उतरून त्यांच्या कपाळावरचं ग्रीस पुसायचा प्रयत्न केला, ते आणखी पसरलं, आणि ती म्हणाली, "जमलं हो तुम्हाला." एवढंच. पण सीटा परत बसवताना दोन बोल्ट शिल्लक उरले, तरी त्यांचा आनंद उतरला नाही.

संमेलनाच्या दिवशी तिघं सकाळी निघाले. सासरेबुवा पुढे, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. बायको मागे. फुंक्याच्या घरापर्यंत तासाभराचा रस्ता होता.

"एकदा आपण ऐकून घेऊ," सासरेबुवा म्हणाले. "म्हणजे नेमकी जागा दाखवता येईल त्याला."

मीटरसाहेबांनी बटण दाबलं. आणि काय सांगावं! जणू गोधडी कोणी ओढून काढली. ढोलाचं कातडं वेगळं, झांजेची किनार वेगळी, वाजवणाऱ्याने मध्येच घेतलेला श्वाससुद्धा वेगळा. संथ धून पुढे सरकली. मग ती जागा आली. क्लॅरिनेट एक मात्रा आधी घुसलं. स्पष्ट, स्वच्छ, कुठलीही शंका न ठेवता. मागून कॉर्नेट अगदी वेळेवर आलं.

"परत लावा," सासरेबुवा म्हणाले.

परत लावलं. क्लॅरिनेट परत आधी घुसलं. तिसऱ्यांदाही.

सासरेबुवांनी खिडकीबाहेर पाहिलं. बराच वेळ शेतं आणि खांब मागे जात राहिले. मग त्यांनी जावयाकडे वळून नेहमीच्याच आदराने विचारलं,

"जावईबापू, ती शिट्टी परत लावता येईल का?"

मीटरसाहेबांनी गाडी कडेला घेतली. मीटरमध्ये फेरफार करणारे कितीतरी लोक त्यांनी पकडले होते. प्रत्येक जण हात जोडून एकच म्हणायचा, साहेब, एकदाच.

"एकदाच," सासरेबुवा म्हणाले. "फक्त आजच्यापुरती."

"बाबा!" मागून बायको म्हणाली. "महिनाभर झटलेत ते!"

"म्हणून तर त्यांनाच विचारतोय. दुसऱ्या कोणाला जमणार?"

मीटरसाहेबांनी डिकीतून पाना काढला. सासरेबुवा उतरून उभे राहिले, पेटी छातीशी धरून, रस्त्याकडे लक्ष ठेवत. मीटरसाहेब सीटखाली वाकले. बोल्ट सैल केला, वायरीखाली कागदाचा कपटा सरकवला. ज्या बोल्टसाठी इतका जीव आटवला तो दोन फिरक्यांत बिघडला. इंजिन सुरू केलं.

'ईऽऽऽ.'

"वरचा?" मीटरसाहेबांनी विचारलं.

"धैवत," सासरेबुवा समाधानाने म्हणाले आणि आत बसले.

फुंक्या फाटकातच उभा होता. उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशा, खांद्याला कॉर्नेट. तो मागे बायकोशेजारी बसला आणि गाडी सुरू होताच म्हणाला, "लाव की ती टेप. फोनवर मोठा नाचत होतास. आज बघूच कोण चुकलं ते. आणि ही शिट्टी रे कसली?"

"गाडीची," सासरेबुवांनी सुस्कारा सोडला. "जावईबापू महिनाभर मागे लागलेत. पण नाही जमलं बिचाऱ्यांना. वीज वेगळी आणि गाडी वेगळी."

मीटरसाहेबांचे कान लाल झाले. ओठांवर आलेलं सगळं अर्थिंग त्यांनी गिळलं. आरशात त्यांना बायको दिसली. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

"होतं असं," फुंक्या समजुतीने म्हणाला. "सगळ्यांनाच सगळं येत नाही."

संथ धून सुरू झाली. फुंक्या पुढे वाकला, कानाला हात लावून. सासरेबुवांचं बोट डॅशबोर्डवर मात्रा मोजू लागलं. मीटरसाहेबांचा एक डोळा रस्त्यावर, एक त्या बोटावर. बोट किंचित वर उचललं गेलं. मीटरसाहेबांनी गिअर खाली टाकला आणि पाय दाबला.

शिट्टी पंचमावरून चढली आणि ऐन त्या जागी धैवतावर जाऊन बसली. तिच्याखाली काय वाजलं ते देवालाही कळलं नसेल.

"छे! नेमकं तिथेच!" फुंक्या हळहळला. "परत लाव, परत लाव."

"लावा, जावईबापू," सासरेबुवा म्हणाले.

रस्ता अजून बराच बाकी होता. मीटरसाहेबांनी धून पहिल्यापासून लावली, हात गिअरवर ठेवला आणि त्या बोटाकडे लक्ष देऊन मात्रा मोजायला लागले.